गोवर्धन मास्तरांची एकतीस तारखेची यादी

अकोल्यातल्या त्या चर्चमध्ये गोवर्धन तायडे मास्तर जवळपास असले की बायका आपलं वय सांगायच्या भानगडीत पडत नसत. पस्तीस वर्षं धर्मशिक्षक म्हणून काढलेल्या या माणसाला झाडून साऱ्या घरांतल्या बाप्तिस्म्याच्या तारखा पाठ होत्या. एका लग्नाच्या पंगतीत नवरीची मावशी वरपक्षाला पोरीचं वय चोवीस सांगत होती. मास्तरांनी जेवता जेवता मान वर केली आणि म्हणाले, "त्र्याण्णवचा बाप्तिस्मा आहे तिचा. मेणबत्ती मीच धरली होती." लग्न काही मोडलं नाही, पण मावशीनं मास्तरांशी बोलणं सोडलं ते सोडलंच.

पाठीमागं सारे त्यांना 'रजिस्टर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडतही होतं. फादर येत, चार-पाच वर्षं राहत, बदलून जात. मास्तर तिथंच. मुलांची रविवारची शिकवणी त्यांची, लग्नाआधी जोडप्यांना धर्माचे धडे द्यायचे ते त्यांनीच, आणि नाताळला बाळ येशूच्या जन्माचा गोठा उभारायचा मानही त्यांचाच. गोठ्याचं छप्पर पऱ्हाट्यांचं, कापसाच्या वाळक्या काड्यांचं. खाली बर्फ पसरायचा तो कापसाचा, तोही शेतातून उचलून आणलेला, म्हणजे सरकीसकट. दर वर्षी कोणीतरी म्हणायचंच, "मास्तर, मेंढरं बर्फातली सरकी खाऊन जातीन, पाहा!" आणि मास्तर दर वर्षी तेवढ्यापुरतं हसायचे.

पण मास्तरांचा खरा रुबाब पाहायचा तर एकतीस डिसेंबरला. संध्याकाळी सहाला वर्षाच्या आभाराची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी उपासना, असते. तिच्या शेवटी मास्तर पांढरा सदरा घालून पुढं येत आणि वर्षाची यादी वाचत. आधी बाप्तिस्मा झालेल्यांची नावं, मग लग्न झालेल्यांची, मग मेलेल्यांची. मेलेल्याचं नाव वाचलं की त्याच्या घरचं माणूस उठून गोठ्यापुढं मेणबत्ती लावतं आणि सारं चर्च एका आवाजात म्हणतं, "प्रभो, त्याला चिरशांती दे." कोणाच्या घरी कितीही भांडणं असोत, त्या यादीत आपल्या माणसाचं नाव ऐकायला मुंबई-पुण्याहून लोक येत. काही जण तर फक्त त्याच दिवशी येत. मास्तर अशांकडं चष्म्याच्या वरून असं पाहत, की पुढच्या वर्षी घरात कोणी मरू नये अशी प्रार्थना ते लोक मनापासून करत असतील.

यादीचा एक नियम होता, आणि तो मास्तरांनीच घातला होता. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात नाव नसेल, तर मेलेल्यांच्या यादीत नाव नाही.

यंदाच्या ऑक्टोबरात मास्तरांची नात मेली. मेली म्हणजे, जन्मलीच मेलेली. मुलगा शुभम अमरावतीला एका कॉलेजात लॅब असिस्टंट. त्याची बायको रागिणी आठव्या महिन्यात होती. एका सकाळी तिला वाटलं, पोट फार शांत आहे. दुपारी दवाखान्यात गेली आणि संध्याकाळी मोकळ्या हातांनी खाटेवर पडून राहिली. नाव आधीच ठरलेलं होतं, अवनी. शुभमनं तिथल्या दफनभूमीच्या कुंपणाशी जागा मागून घेतली आणि आपल्या हातानं पेटी ठेवली. मास्तर तिथं होते. त्यांनी प्रार्थना म्हटली, पण पुस्तक उघडलं नाही. कोणतं पान उघडायचं हे त्यांना कळलं नाही.

नाताळला शुभम आणि रागिणी दोघं अकोल्याला आले. गोठा झाला होता, करंज्या-अनारसे झाले होते, मास्तरांची बायको सिंधू हिनं सुनेच्या ताटात दोनदा वाढलं होतं आणि सुनेनं दोनदा बाजूला सारलं होतं. जेवणं झाली. रागिणी ताटं उचलता उचलता थांबली.

"बाबा, एकतीस तारखेले अवनीचं नाव वाचसान न तुमी?"

ही रागिणी हिंदू घरातली. लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तिला सहा महिने धर्म शिकवला तो याच मास्तरांनी. देव आपल्याला नावानं ओळखतो, हे तिला त्यांनीच पाठ करून घेतलं होतं.

मास्तर म्हणाले, "पाहू."

"पाहू काय?" सिंधू स्वयंपाकघरातून म्हणाली. "पोट्टीनं साधं विचारलं, तं तुमी डाक्टरसारखं पाहू-पाहू करून राहिले!"

मास्तर उठून आत गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "सिंधू, ते रजिस्टरात नाई वो. जिचं आत आल्याचं लिहिलं नाई, तिचं गेल्याचं कसं लिहू?"

तोंडातून शब्द गेले आणि मास्तर तिथंच उभे राहिले. हेच वाक्य, याच क्रमानं, त्यांनी एकदा दुसऱ्या कोणाला ऐकवलं होतं.

त्याला सव्वीस वर्षं झाली. बार्शीटाकळीच्या पलीकडल्या एका खेड्यात महादेव आणि दुर्गाबाई असं जोडपं होतं. त्यांना लग्नाच्या सहाव्या वर्षी मुलगा झाला, पहाटे, घरीच. पोरगं निळं पडलेलं. महादेव सायकलनं बार्शीटाकळीला आला, तिथून त्यानं चर्चमध्ये फोन केला, आणि फादर गावाला गेलेले म्हणून मास्तर एसटीनं निघाले. पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि पोरगं गेलं होतं. दुर्गाबाई खाटेवर. तिला उठून बसायचीही ताकद नव्हती. मास्तरांनी दारातूनच विचारलं, "पानी टाकलं होतं का?"

कोणी टाकलं नव्हतं.

"रविवारी सांगतलं होतं न साऱ्याच्या साऱ्यायले? जीव धोक्यात असला तं कोनीबी बाप्तिस्मा देऊ शकते. वाटीभर पानी लागते. वाटीभर!"

त्या डिसेंबरात, लेकराला यादीत घ्या म्हणायला, महादेव टोपी हातात धरून चर्चच्या ऑफिसात आला होता. तेव्हा मास्तरांनी त्याला ते वाक्य ऐकवलं. ऐकून महादेव "बरं" म्हणाला आणि निघून गेला. मास्तरांना त्या वेळी आपण धर्म राखला असं वाटलं होतं. पुढं दोन-तीन वर्षांत महादेव चर्चला येईनासा झाला. लोक म्हणाले, दारू पिते. चर्चच्या पायरीवर असं काही निघालं की ते चघळायला सारेच असतात, आणि त्या चघळण्यात मास्तरही होते. महादेव मेला तेव्हा त्याच्या हिंदू भावांनी त्याला आपल्या रीतीनं जाळलं. त्याचंही नाव यादीत आलं नाही. आता दुर्गाबाई सिस्टरांच्या मुलींच्या होस्टेलात स्वयंपाक करते आणि बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसते. एक रविवार चुकवत नाही.

नाताळचा सण मोठा चमत्कारिक. फराळाचे डबे अर्धे व्हायच्या आत, अठ्ठावीस तारखेला, चर्च हेरोद राजाची गोष्ट काढतं. एका बाळाच्या भीतीनं त्यानं बेथलेहेमातली दोन वर्षांखालची सारी पोरं कापून काढली, त्या पोरांचा तो सण. मास्तरांनी त्या दिवशी मुलांना ही गोष्ट सांगितली, जशी पस्तीस वर्षं सांगत होते. शिकवणी संपल्यावर ते यादीचा कच्चा कागद घेऊन ऑफिसात गेले. फादर पियुष नागपूरकडचे, वय छत्तीस, मास्तरांना बिचकून असणारे. त्यांनी कागद वरून खालपर्यंत वाचला.

"मास्तर, यात अवनी नाही."

"नाई, फादर. तिचा बाप्तिस्मा नाई झाला."

फादरांनी कागद टेबलावर ठेवला. "आज मुलांना काय शिकवलं?"

"निष्पाप बालकं. हेरोदानं मारलेली."

"ती कुठं आहेत आता?"

"स्वर्गात. संत आहेत ते."

"त्यांचा बाप्तिस्मा कोणत्या पानावर आहे, मास्तर?"

चेष्टेत विचारलं होतं. एरवी मास्तरांना कोणी असं कोंडीत धरलं असतं तर चर्चमध्ये आठवडाभर हसणं पुरलं असतं. पण मास्तरांनी पुढची खुर्ची ओढली आणि न विचारता बसले. पस्तीस वर्षं त्या पोरांना संत म्हणत आले, आणि त्यांच्या डोक्यावर पाणी कोणी टाकलं होतं हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "नियम कधी बदलला, फादर?"

"कोणता?"

"बाप्तिस्मा नसलेल्या लेकराचा."

फादरांना वाटलं, म्हाताऱ्याला धीर द्यावा. त्यांनी मोठ्या उत्साहानं सांगितलं, "अहो, नवीन काहीच नाही. आई-बापांच्या मनात बाप्तिस्मा द्यायचा होता ना? मग बिशपांच्या परवानगीनं त्या बाळाचा अंत्यविधीसुद्धा करता येतो. चर्चच्या कायद्यात त्र्याऐंशी सालापासून लिहिलंय. आणि यादीत नाव वाचायला तर कोणाचीच परवानगी लागत नाही. खुशाल वाचा. तुमच्या सुनेला बरं वाटेल."

त्र्याऐंशी. दुर्गाबाईचं पोरगं नव्व्याण्णवचं.

मास्तर ज्या पुस्तकावर शिकले ते त्यांच्या मास्तरांच्या मास्तरांचं होतं, पिवळं, पहिली दोन पानं गेलेलं. त्यात जे नव्हतं ते जगात नाही असं ते धरून चालले. कोणाला विचारलं असतं तर कोणी सांगितलं असतं. पण रजिस्टर कोणाला काही विचारत नसतं.

दोन दिवस मास्तर जेवले नाहीत, म्हणजे ताटावर बसले आणि उठले. सिंधूला वाटलं, नातीचं दुःख आता वर आलं. शुभमला वाटलं, बाप हट्टाला पेटला. तो आईजवळ बोलला, "नाव नाई वाचलं न माय, तं रागिणी परत या चर्चची पायरी चढनार नाई. अन् तिच्याबिगर मी बी नाई." हे मास्तरांनी दाराआडून ऐकलं. ओळखीचं वाटलं त्यांना. असंच एक घर त्यांनी एकदा गमावलं होतं.

तीस तारखेला दुपारी ते होस्टेलच्या स्वयंपाकघरात गेले. सुट्टीमुळं पोरी गावाला गेल्या होत्या. दुर्गाबाई एकटीच तांदूळ निवडत बसली होती.

"मास्तर? तुमी इकडं? सिस्टर नाईत."

"तुमच्याकडंच आलो, दुर्गाबाई."

"बसा मंग. त्या डब्यावर बसा, पक्का आहे तो." तिनं मास्तरांकडं नीट पाहिलं. "तुमच्या नातीचं आयकलं. लय वाईट झालं. रागिणी जेवते का?"

मास्तरांना वाटलं होतं, ती काही कडू बोलेल, मग आपल्याला बोलणं सोपं जाईल. तिनं ती सोय ठेवली नाही. त्यांनी एका दमात सारं सांगितलं, चर्चच्या त्र्याऐंशी सालच्या कायद्यासकट. तेव्हाही नाव वाचता येत होतं. आपल्याला ठाऊक नव्हतं. आपण विचारलं नाही. दुर्गाबाईचे हात तांदळात थांबले नाहीत.

"उद्या मी दोन नावं वाचतो," मास्तर म्हणाले. "आधी तुमच्या लेकराचं, मंग अवनीचं. नाव काय ठेवलं होतं त्याचं?"

"नाव?" ती जराशी हसली. "नाव तं तुमी ठेवता न मास्तर, पानी टाकतानी. आमी वाटच पाहत होतो तुमची."

"घरात काही म्हनत असान न?"

"सकाळचं झालं, दुपारी गेलं. तेवढ्यात काय म्हनते मानूस? बाळ म्हनलं."

"मंग मी 'दुर्गाबाई आन् महादेवचं बाळ' असं वाचतो."

"नका वाचू."

"काहून?"

"कोनासाठी वाचता? ज्याले आयकाचं होतं तो गेला." ती खडा काढून बाजूला टाकत म्हणाली. "तुमी नाई म्हनलं, तरी त्यानं दोन वर्सं वाट पाह्यली. एकतीस तारखेले शेवटच्या बाकावर बसे. मले म्हने, मास्तर कडक आहे, पन मनानं वाईट नाई, औंदा वाचते पाह्य. यादी संपली का घरी येऊन काही बोले नाई. तिसऱ्या वर्सापासून आलाच नाई. लोक म्हनाले दारू. थेंब नाई घेतला त्यानं जल्मात. तुमी बी म्हनले होते."

मास्तरांनी मान खाली घातली. "दुर्गाबाई, मले माफ करा."

 तिच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती हरवलेली वस्तू शोधावी तशी आत कुठंतरी पाहत होती.

"माह्यापाशी असतं तं दिलं असतं हो," ती शेवटी म्हणाली. "माह्यापाशी नाई ते. त्याच्यापाशी होतं. तुमी नातीचं नाव वाचा. मी म्हनीन न साऱ्यायसंगं, चिरशांती दे म्हनून. आजवर तुमी वाचलेल्या साऱ्यायसाठी म्हनलंच मी."

एकतीसला चर्च भरलं. मास्तर पांढऱ्या सदऱ्यात पुढं आले. यंदा बाप्तिस्मे चार, लग्नं दोन, आणि मेलेले नऊ. मास्तरांचा आवाज नेहमीसारखाच, प्रत्येक नाव खणखणीत. नऊ मेणबत्त्या लागल्या. मग त्यांनी श्वास घेतला.

"अवनी शुभम तायडे."

रागिणी उठली. शुभमनं तिचा हात धरला होता, तो तिनं सोडवला आणि एकटी गोठ्यापर्यंत गेली. काडी तीनदा विझली. सारं चर्च म्हणालं, "प्रभो, तिला चिरशांती दे." त्या सगळ्या आवाजांत मास्तरांना एकच आवाज ऐकू आला, तिसऱ्या बाकावरचा, जाडसर, सगळ्यांच्या अर्धा शब्द मागं. त्यात खोट नव्हती. तेच त्यांना सोसवलं नाही.

कागदाच्या पाठीमागं त्यांनी दुपारी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. सव्वीस वर्षांपूर्वी मी एका बाळाचं नाव नाकारलं, अशी सुरुवात होती. त्यांनी कागद उलटला आणि तिसऱ्या बाकाकडं पाहिलं. दुर्गाबाईनं अगदी थोडी मान हलवली. नाही. मास्तरांनी कागद घडी केला. फादरांनी वर्षभराच्या कृपेबद्दल आभाराचं स्तोत्र सुरू केलं, बाजाची पेटी वाजली, लोक उभे राहून गाऊ लागले. दर वर्षी या स्तोत्रात सगळ्यात मोठा आवाज मास्तरांचा असायचा. यंदा तो नव्हता, हे पायरीवर बऱ्याच जणांनी एकमेकांना सांगितलं, आणि नातीमुळं असेल असं ठरवून टाकलं.

बाहेर केक वाटला जात होता. रागिणी येऊन मास्तरांच्या पाया पडली. "बाबा, तिले आता नाव आहे," ती म्हणाली, आणि ऑक्टोबरापासून पहिल्यांदा मोकळं रडली. सिंधू म्हणाली, "पाहा, एवढंच तं होतं! उगाच चार दिवस जीव खाल्ला." मास्तरांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. तिला द्यायचं ते देऊन झालं होतं, आणि दिलेल्याचं समाधान त्यांच्या वाट्याला काही आलं नाही.

त्याच संध्याकाळी, फादर चर्चची कुलपं लावायला निघाले तेव्हा, मास्तरांनी त्यांना थांबवून पापनिवेदन केलं. पापनिवेदनात काय झालं हे कोणाला कळत नाही असं म्हणतात. पण मास्तरांनी ते सिंधूला सांगितलं, आणि सिंधूला सांगितलेलं निदान पाच घरांना कळतंच. फादरांनी क्षमा दिली आणि प्रायश्चित्त म्हणून तीनदा 'नमो मरिया' ही छोटी प्रार्थना म्हणायला सांगितलं.

"तीनदा?" मास्तर म्हणाले. "हे तं पोरायले देतो आपन, मिस्सेत हसले म्हनून. मोठं काहीतरी द्या, फादर."

"मोठं काय देऊ, मास्तर? तुम्हीच सांगा. तुम्हाला जास्त माहीत आहे."

मास्तरांनी पुष्कळ विचार केला. त्या पोराला नाव देता येत नव्हतं. महादेवला त्या शेवटच्या बाकावर परत बसवता येत नव्हतं. पस्तीस वर्षांच्या धर्मज्ञानातून एवढंही प्रायश्चित्त निघालं नाही, जे दुर्गाबाईच्या तांदळातल्या एका खड्याएवढं भरेल. ते तीनदा 'नमो मरिया' म्हणून घरी आले. देवानं क्षमा केली हे त्यांनी मानलं, कारण मानायला ते स्वतःच शिकवत आले होते. ती क्षमा त्यांना कुठं जाणवली नाही, आणि जाणवायलाच हवी असं कोणत्या पुस्तकात लिहिलेलंही नव्हतं.

एक जानेवारीला सकाळी देवमातेच्या सणाची मिस्सा होती. मास्तर दारात उभे राहून येणाऱ्यांच्या हातात गायनाचे कागद देत होते. थंडी होती. दुर्गाबाई डोक्यावरून शाल घेऊन आली, पायरीवर चपला काढल्या, कागद घेतला.

"जय येशू, मास्तर. नवीन वर्साच्या शुभेच्छा."

दर एक जानेवारीला ती हेच म्हणत आली होती, याच आवाजात. त्या सगळ्या वर्षांमध्ये ती काय गिळून हे म्हणत होती ते आता मास्तरांना ठाऊक होतं.  तिच्या मागं लोक खोळंबले होते. ती आत जाऊन तिसऱ्या बाकावर बसली, आणि मास्तरांनी पुढच्या माणसासाठी हात पुढं केला.